सिद्धेश उठला नाही

भुईगाव, वसई
१२ जानेवारी २०२५

प्रिय बाय,

नाताळात तुझं पत्र आलं आणि उत्तर लिहायला नवं वर्ष शिळं व्हायची वेळ आली. शर्लिन, तुझी लाडकी भावजय, रोज टोमणा मारते, ‘टीमसाठी वेळ आहे, सख्ख्या बहिणीसाठी नाही.’ तुमच्या त्या टेकडीवर फोनची रेंज येईल तेव्हा येईल, तोवर माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षराशीच तुझी गाठ आहे.

इकडे सगळं क्षेम आहे. अर्नाळ्याची बर्फाची फॅक्टरी चालू आहे, बोटवाले नेहमीसारखे कुरकुरत बर्फ नेतात. माझं लक्ष मात्र तिथे नाही. तुला माहीत आहे, दोन वर्षांपूर्वी मी आणि हार्दिक, म्हणजे नालासोपाऱ्याचा तो प्लायवूडवाला, आम्ही दोघांनी मिळून कबड्डीची टीम घेतली. ‘अर्नाळा आरमार’. तू हसली होतीस. यंदा हार्दिकनं सांगून टाकलंय की पहिल्या चार संघांत आलो नाही तर तो बाहेर पडणार. मला एकट्याला हा हत्ती पोसणं जमणार नाही.

तू म्हणशील, गेली तर गेली टीम. पण बाय, खरं सांगतो. वीस वर्षं बर्फ विकला, घर बांधलं, गाड्या घेतल्या, भुईगावात मला कोणी वळून बघितलं नाही. आता रविवारची मिस्सा संपली की देवळाबाहेर म्हातारे मला थांबवतात. ‘काय रे रेमंड, काल आपली पोरं काय खेळली!’ आपली पोरं म्हणतात. ह्या एका शब्दासाठी मी अजून पाच वर्षं हत्ती पोसायला तयार आहे.

सगळी मदार सिद्धेशवर आहे. आचोळ्याचा मुलगा, तेवीस वर्षांचा, आमचा चढाई करणारा हुकमी गडी. आई लतिका, बाप नाही. ती माउली घरात पाळणाघर चालवते, दुसऱ्यांची पोरं सांभाळून तिनं ह्याला वाढवलं. परवा सरावात त्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. थोडा वेळ भ्रमिष्टासारखा करत होता, ‘स्कोर किती झाला’ हेच पुन्हा पुन्हा विचारत होता. एक उलटी झाली. आता ठणठणीत आहे. तू दवाखान्यातली, म्हणून सहज विचारतो, ताकदीचं काही द्यावं का? आणि त्याच्यासाठी, टीमसाठी प्रार्थना कर.

तुझा,
रेमू

मिशन दवाखाना, छत्तीसगड
२० जानेवारी

प्रिय रेमू,

ताकदीचं काही देऊ नकोस. त्याला झोपू दे, आणि खेळवू नकोस.

तू ‘सहज’ म्हणून जे लिहिलंस ते सहज नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि उलटी. अरे, आमच्याकडे मोहाच्या झाडावरून पडलेली पोरं येतात, त्यांच्यातही हेच दिसतं. वरून रक्त नाही, टेंगूळ नाही, म्हणून आईबाप चौथ्या दिवशी रानात पाठवतात. पहिला मार मेंदू सहन करतो. तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर सहन करेलच असं नाही. एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर गेलाय, त्याचा दुसरा मार बघितलास तर तू हसला असतास इतका क्षुल्लक होता. त्याचं डोकं मशिनीवर तपासून घे, आणि चांगला डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत त्याला बाकावर बसव.

त्याच्या आईला हे माहीत आहे का? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते.

तू सोळा वर्षांचा असताना सायकलवर केळी विकायचास, मग लग्नांना खुर्च्या आणि मंडप भाड्यानं द्यायला लागलास, मग बर्फ. प्रत्येक वेळी मी म्हटलं, रेमू करेल, निस्तरेल. केळी सडली तर फेकता येतात, खुर्ची मोडली तर खिळा मारता येतो. आता तू माणसांच्या धंद्यात पडलायस. मी तुला भिववत नाही, मलाच भीती वाटते आहे.

प्रार्थना करतेच आहे, पण टीमसाठी नाही.

एलिसा

भुईगाव
२९ जानेवारी

प्रिय बाय,

किती ओरडशील? मी काही खाटीक नाही. सिद्धेशला एक सामना बसवला होता. तो सामना आम्ही हरलो. त्यानंतर तो स्वतः फॅक्टरीवर माझ्याकडे आला. म्हणाला, ‘शेठ, काय टेन्शन घेता? मी एकदम फिट आहे. मला बसवलं ना, तर लोक समजतील मी संपलो. पुढच्या वर्षी कोण घेणार मला?’ त्याचंही खरं आहे ना? ह्या पोरांचं आयुष्य केवढं, दहा सामन्यांचं. आमच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, बोटं मोजायला लावली. बरोबर मोजली. मशिनीवर तपासणी हंगाम संपल्यावर करू असं ठरलंय.

आईचं म्हणशील तर, तिला कशाला घोर लावायचा? सिद्धेशनंच बजावलंय, ‘आईला सांगू नका, ती मला घरात कोंडेल.’ लतिकाबाई भेटल्या की मला हात जोडतात. म्हणतात, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. त्यांना काय सांगू?

झोप मात्र लागत नाही. खेळ चालू असताना मी बसू शकत नाही, हॉलच्या बाहेर चकरा मारतो आणि आतल्या आवाजावरून ओळखतो, आपला गुण की त्यांचा. शर्लिन म्हणते तुम्ही खिशात रोझरीची माळ ठेवता की हातबॉम्ब, एवढी घट्ट धरलेली असते.

दहा तारखेला मोठा सामना आहे. सिद्धेश खेळणार.

रेमू

मिशन दवाखाना
५ फेब्रुवारी

रेमू,

बोटं मोजता येणं म्हणजे डोकं बरं असणं नव्हे. त्याच्या आईला सांग. तू सांगत नसशील तर तिचा पत्ता कळव, मी लिहिते. तिनं काळजी तुझ्यावर टाकली आहे आणि तू ती मुलावर टाकतोस, जो तेवीस वर्षांचा आहे आणि घाबरलेला आहे.

हे पत्र दहा तारखेच्या आत तुला मिळेल की नाही कोण जाणे. पोस्टमन आठवड्यातून दोनदा चढून येतो.

एलिसा

भुईगाव
११ फेब्रुवारी

बाय,

वाईट झालं. काल सिद्धेश तिसऱ्याच मिनिटाला मेला, आणि मग उठलाच नाही. सगळा हॉल गप्प झाला. मी बाहेर होतो, आत आवाज येईना तेव्हाच समजलो. शर्लिन रडली. हार्दिक माझ्याकडे न बघता गाडीत बसून निघून गेला.

तुझं पत्र आज सकाळी आलं, एक दिवस उशिरा. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही.

आता जास्त लिहवत नाही. बावीस तारखेला ठाण्याला शेवटचा सामना आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे. तो झाला की सविस्तर लिहितो.

रेमू

मिशन दवाखाना
१७ फेब्रुवारी

रेमंड,

तुझं पत्र सकाळी मिळालं. मी ते औषधांच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच फादरांकडे गेले. आज संध्याकाळी इथे फादरांनी सिद्धेशच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण केली. कोणी त्याला पाहिलेलं नाही, तरी दवाखान्यातले पेशंटसुद्धा येऊन बसले होते.

मुलगा गेला, आणि त्याच पत्रात तू पुढच्या सामन्याची तारीख लिहितोस. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. हा माझाच भाऊ का, असं वाटलं. रागावून काही लिहिणार होते, पण तूही आतून कोसळला असशील आणि सवयीनं हात लिहीत गेला असेल, असं धरून चालते.

सोबत एक बंद पाकीट आहे, त्याच्या आईसाठी. ते उघडू नकोस. तिच्या हातात दे. तू नसशील तर शर्लिननं द्यावं. सामना बघायला गेलास तरी चालेल, पण आधी हे पाकीट पोचव.

एलिसा

(पाकिटातलं पत्र)

लतिकाबाई,

तुमची माझी ओळख नाही. मी रेमंडची मोठी बहीण, इथल्या मिशनची धर्मभगिनी आहे, दवाखान्यात नर्स आहे. तुमच्या सिद्धेशच्या जाण्याची बातमी मला आज मिळाली. तुम्हाला काय लिहावं मला समजत नाही. एवढंच सांगते की त्याच्या डोक्याला जानेवारीत मार लागला होता, हे माझ्या भावानं मला कळवलं होतं. त्याला खेळवू नका असं मी लिहिलं. तुम्हाला सांगा असंही लिहिलं. पत्रं लिहीत बसले, त्याऐवजी मी स्वतः यायला हवं होतं. हे तुमच्यापासून लपवलं गेलं, ते तुम्हाला परक्यांकडून कळू नये म्हणून मीच सांगते आहे. तुम्ही माझ्या भावाला क्षमा केली नाहीत तर मी तुम्हाला दोष देणार नाही.

सिस्टर एलिसा

भुईगाव
२५ फेब्रुवारी

बाय,

तू एका जिवंत माणसाला मारलंस.

सिद्धेश जिवंत आहे. तो मेला नव्हता, तो ‘मेला’ होता. कबड्डीतला मेला! तू आपल्या वाडीत हुतूतू खेळलेली बाई, आणि तुला हे समजू नये? समोरच्यांनी धरलं की गडी मेला, मैदानाबाहेर जाऊन बसला. आपल्या बाजूनं गुण मिळवला की एक गडी उठला, म्हणजे परत आत आला. आमच्या पोरांना त्या दिवशी गुणच मिळेना, आणि नंतर कोचनं त्याला आत घेतलं नाही, म्हणून लिहिलं की उठलाच नाही. अख्खा महाराष्ट्र असंच बोलतो.

आता ऐक काय झालं ते. शनिवारी बावीस तारखेला मी टीमबरोबर सकाळीच ठाण्याला गेलो होतो. दुपारी तुझं पाकीट आलं. शर्लिननं वरचं पत्र माझं म्हणून फोडलं नाही, पण आतलं बंद पाकीट तिच्या हाताला लागलं, कारण ते जाड होतं आणि वरच्याला फाडून बाहेर आलं होतं. ‘सिद्धेशच्या आईस, तातडीचं’ असं तुझ्या अक्षरात. तिला वाटलं, सामन्याआधी आशीर्वाद वगैरे असेल. ती आचोळ्याला जाऊन देऊन आली. गाडीत बसते तोच वरून किंकाळी ऐकू आली.

शर्लिन सांगते, पाळणाघरातली सहा-सात पोरं भिंतीला टेकून रडत होती आणि लतिकाबाई मधोमध उभ्या होत्या, पत्र हातात. शर्लिननं वाचलं. तिनं सांगितलं, ‘अहो, आज सकाळी मी त्याला चहा पिताना बघितलाय, व्हिडिओवर.’ तेव्हा कुठे त्या खाली बसल्या. मग पत्र परत वाचलं आणि म्हणाल्या, ‘म्हंजे डोक्याला मार लागलाय हे खरं हाय ना?’ शर्लिनला खोटं बोलता आलं नाही.

सामन्याआधी सगळ्यांचे फोन कोच काढून घेतो. माझाही बंद होता. शेजारणीला पोरांपाशी बसवून त्या दोघी गाडीनं निघाल्या, आणि घोडबंदर रोड तुला माहीत नाही, आता तो रोड राहिलेला नाही, उभ्या ट्रकांचं गोदाम झालंय. शर्लिन म्हणते, लतिकाबाई अख्ख्या रस्त्यात एकच बोलत होत्या, ‘पत्र खोटं असू दे, पत्र खोटं असू दे.’

मी हॉलबाहेर चकरा मारत होतो. त्यांना येताना बघून मला वाटलं सामना बघायला आल्या, म्हणून हसून पुढे झालो. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. तुझं अक्षर. बाय, ते मी वाचलं, आणि मग मला दहा तारखेचा सामना आठवला. त्या दिवशी मी पहिली काही मिनिटं दारातून बघत होतो. सिद्धेशला धरलं, सोडलं, आणि तो उठून उभा राहिला तेव्हा बाहेर यायच्या ऐवजी समोरच्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्यांच्या गड्यांत, जणू तीच त्याची टीम. लोक हसले. पंचानं हाताला धरून बाहेर काढलं. मीही हसलो होतो. मग मी बाहेर गेलो. हे मी तुला लिहिलं नाही, शर्लिनलाही सांगितलं नाही. तू चुकून लिहिलंस, पण मी बघितलं होतं.

आत गेलो. सिद्धेश गुडघ्याला पट्टी बांधत होता. आईला बघून त्याचा चेहराच उतरला. ‘आई, तू घरी जा. इथे तमाशा नको.’ ती म्हणाली, ‘मी काय बोलनार नाय. शेठ काय सांगतात ते ऐक.’ आणि माझ्याकडे बघत राहिली. बाय, माझ्यावर काळजी टाकली होती ना तिनं, ती तिनं तिथे परत एकदा टाकली, सगळ्यांसमोर. मी कोचला सांगितलं, हा खेळणार नाही. हार्दिक तिथेच होता. म्हणाला, ‘रेमंडभाई, सोच लो.’ मी म्हटलं, सोच लिया. सिद्धेशनं ती पट्टी माझ्या पायाशी फेकली.

आम्ही हरलो, ते तू ओळखलंच असशील.

दुसऱ्या दिवशी रविवारीच त्याची मशिनीवर तपासणी केली. मेंदूच्या बाजूला जुनं रक्त साकळलंय, थोडंसं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, काल हा खेळला असता तर आज तो नसता. पुन्हा कधी खेळेल का, ते सांगत नाहीत.

टीम गेली. हार्दिकनं नागपूरच्या कुणाशी तरी बोलणं सुरू केलंय. रविवारी देवळाबाहेर कुणी मला थांबवलं नाही. चांगलं झालं, मला उत्तर देता आलं नसतं.

मी तुझ्यावर रागावलोय. का ते मला सांगता येत नाही.

रेमू

मिशन दवाखाना
४ मार्च, उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस

प्रिय रेमू,

तुझं पत्र वाचलं आणि आधी जोरात हसले. सिस्टर क्लेमेंटीन धावत आली, तिला वाटलं मला वेड लागलं. मग हसता हसता रडले. तो शब्द मला माहीत होता रे. वाडीतल्या हुतूतूत तूच किती वेळा ‘मी मेलोच नाही’ म्हणून भांडायचास. पण चाळीस वर्षं इथे हा शब्द मी एकाच अर्थानं ऐकते आहे, तेही रोज. माझ्या कानात दुसरा अर्थ उरलाच नव्हता. आणि मनात मी ह्याच बातमीची वाट बघत होते. ती आली असं वाटलं.

फादरांना सांगितलं की ज्याच्यासाठी मिस्सा केली तो जिवंत आहे. ते म्हणाले, ‘सिस्टर, मग आता तो पुढे कधीतरी जाईल तेव्हा परत करू. ही फुकट गेली नाही.’

लतिकाबाईंना मी किती यातना दिल्या असतील. त्यांना लिहायला माझा हात धजत नाही. तू त्यांना माझ्या वतीनं सांग, नाहीतर नको सांगू. मलाच समजत नाही काय सांगावं.

रागव माझ्यावर. पण एक विचारते, राग मानू नकोस. सिद्धेश त्या दिवशी चुकीच्या बाजूला उभा राहिला, लोक हसले, तू हसलास. ते हसू आता तुझ्या कानात येतं का? येत असेल तर येऊ दे. त्याला औषध नाही, आणि असू नये.

एलिसा

आचोळे, नालासोपारा पूर्व
२० मार्च २०२५

सिस्टर एलिसा यांस,

नमस्कार. तुमचा पत्ता रेमंडशेठकडून घेतला. शेठ म्हणाले, तुम्ही मला लिहायला बिचकता, म्हणून मीच लिहिते. माझं शिक्षण आठवीपर्यंत, चुका असतील त्या सांभाळून घ्या.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी चिवड्याची वाटी हातात घेऊन उभी होते. आदल्या रात्री मी त्याच्याशी बोलले होते. टपाल यायला दिवस लागतात, एवढं साधं मला सुचलं नाही. मला वाटलं आजच गेला. शर्लिनताई परत वर येईपर्यंत मी मुलगा गेलेली आई होते. तेवढ्यात काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. मी त्याचे कपडे कुठे ठेवू, कुणाला देऊ, असा विचार केला. एवढ्याशा वेळात माणूस केवढं लांब जाऊन येतो. ते अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही. दुपारी पोरं झोपली की मी जाऊन त्याच्या खोलीत बघते.

तुम्ही माफी मागता असं शेठ म्हणाले. मागू नका. शेठ पण मागतात. दर आठवड्याला येतात, पाळणाघराच्या पायरीवर बसतात, पोरं त्यांच्या टकलावर हात फिरवतात. त्यांनी सिद्धेशला फॅक्टरीत काम देऊ केलंय. तो नाही म्हणाला. शेठना मी माफ केलं का, असं विचाराल तर माहीत नाही. त्यांना चहा देते.

सिद्धेश माझ्याशी बोलत नाही. घरी आल्यापासून एक शब्द नाही. सगळ्या टीमसमोर मी त्याला खाली बघायला लावलं, त्याचं करिअर मी संपवलं, असं तो त्याच्या मित्राला फोनवर सांगत होता, मी ऐकलं. जेवतो, ताट आपटून ठेवतो, दार आपटून जातो. पोरं दचकतात. शेजारीण म्हणते, काही बोलत का नाहीस त्याला? मी नाही बोलत.

तुमच्याकडे त्याच्यासाठी प्रार्थना झाली, ती मेलेल्या माणसाची होती म्हणून शेठना लाज वाटते. मला नाही वाटत. पण सिस्टर, आता जिवंत मुलासाठी एकदा करा. आणि मागताना चुकू नका. त्याचा माझ्यावरचा राग जाऊ दे, असं मागू नका. राग धरायला तो असू दे, एवढंच मागा.

तुमची,
लतिका